दाराबाहेरचे भाऊराव

भाऊराव ठोंबऱ्यांबद्दल लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी नाव काढलं की त्यांचे किस्से सांगून हसवायचो आणि पुढचं गिळून टाकायचो. आता भाऊराव नाहीत. पुढचं सांगायला हवं.

डब्लिनजवळ ओंगारला आमची घरं समोरासमोर. मी हॉस्पिटलातून निवृत्त झालेला डॉक्टर. ते नागपूरच्या बांधकाम खात्यातले ओव्हरसियर, निवृत्तीनंतर मुलाकडे आलेले. रोज सकाळी ते घराबाहेर येत, दार ओढून घेत आणि तासभर तिथेच उभे राहत. वाऱ्याने छत्री उलटली तर उलटी छत्री धरून. कचऱ्याचे डबे बाहेर असले की अख्ख्या कॉलनीचे डबे एका रेषेत लावत. "लाइन म्हंजे लाइन जी!" शेजारची आयरिश म्हातारी खिडकीतून हात करी. हे तिच्याकडूनच उचललेलं आयरिश 'मस्त' ओरडत, "ग्रँड! ग्रँड!"

त्या तासात आत लिसी असे. पक्षाघाताने भाऊरावांच्या बायकोचं, वहिनींचं, अर्धं अंग गेलं होतं. मुलगा-सून सकाळीच कामावर जात. वहिनींचं सगळं करायला एका खाजगी एजन्सीची ही केरळी नर्स येई आणि पैसे सरकार भरी.

"सरकारने नर्स दिली, आणि तुम्ही पावसात कसला पहारा देता?" मी चिडवायचो.

"साइटवर उभं राहायची सवय जी. आत बसलो तर गंज चढते."

मला ते पटलं. माणसं विक्षिप्त असतात, एवढं म्हटलं की पुढे विचार करावा लागत नाही.

२०१६ साली आरोग्यखात्याची एक बाई, नर्सची गरज अजून किती आहे, याच्या पाहणीला आली. भाऊरावांनी आदल्या दिवशी घर घासूनपुसून लख्ख केलं होतं, वहिनींना नवी साडी. पाहुणी येणार, घर नीटच दिसलं पाहिजे! मीही तिथे बसलो होतो. ते चहा करायला आत गेले तेव्हा बाईंनी मला विचारलं, "यांचं कसं चाललंय?"

मित्राचं कौतुक करायची संधी मी कशी सोडणार? "हा एकटा तिघांचं काम करतो. नर्स येते तेव्हाही बाहेर कॉलनीचे डबे लावत असतो!"

बाई खळखळून हसल्या. "फेअर प्ले टू हिम!" म्हणजे, शाबास त्याची!

महिनाभरात लिसी यायची बंद झाली. नवरा खंबीर आहे, निभावून नेतोय; लिसीचे तास जास्त गरजू घराला दिले, असं एजन्सीने कळवलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. न्हाणीघरातून वहिनींचा आवाज आला, "अहो, साबण इकडे. तो माझा कान आहे!"

थोड्या वेळाने भाऊराव बाहेर आले. बाह्या ओल्या, डोळ्यांवर घट्ट बांधलेला मफलर. तो कपाळावर सरकवून ते मला पाहून ओशाळले.

"लाजते जी ती," ते हळूच म्हणाले. "अंग गेलं, लाज नाही गेली. म्हणते, तुमी नका पाहू मला अशी. लिसी होती तवा मी बाहेर जाऊन उभा राहायचो. आता काय करता?" मग म्हणाले, "त्या बाईला कोणी काय सांगितलं, काय माहीत बाप्पा."

मी सांगायला हवं होतं. त्याच दिवशी त्या बाईंना फोनही करायला हवा होता. "बघतो काहीतरी," म्हणालो आणि घरी आलो. न पाहता बोललो, हे एका डॉक्टरने कबूल करायचं कसं, याच विचारात हिवाळा गेला. त्या हिवाळ्यातच वहिनी गेल्या.

भाऊराव नागपूरला परत निघाले, तेव्हा विमानतळावर मी सोडायला गेलो. वाक्य तयार होतं: भाऊराव, ते मीच बोललो होतो, मला माफ करा. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमचा लई आधार झाला जी, डॉक्टर."

मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा."

त्यांनी केला. पोचल्याबरोबर केला. मी म्हणालो, "भाऊराव..."

"बोला ना जी."

"तिकडे ऊन फार आहे का?"