ते केव्हाच गेले

ग्रंथपालबाई नव्या पुस्तिकेचे गठ्ठे बांधत होत्या, तेव्हा एक मयत गृहस्थ जिना चढून वर आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितले.

ते मयत आहेत हे आधी बाईंच्या लक्षात आले नाही. उंच, किडकिडीत म्हातारा, कडक इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री. जिल्हा ग्रंथालयात असे म्हातारे रोजच येत. पण "थोडं पाणी मिळेल का?" हे शब्द कानावर पडले आणि बाईंच्या हातातली सुतळी सुटली. हा आवाज! सकाळच्या बातम्यांचा. बाई शाळेत असताना त्यांची वेणी या आवाजात घातली जायची, आणि बातम्या संपल्या तरी वेणी झाली नसेल तर आईचा धपाटा बसायचा.

"तुम्ही… तुम्ही तेच ना?"

"तोच," गृहस्थ म्हणाले. "तुमच्या पुस्तिकेत माझ्या बाबतीत एक चूक झालीय. तेवढी दुरुस्त करायला आलोय."

बाईंचे कान तापले. "काका, कसं सांगू, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं… म्हणजे तसं नव्हे… एवढी मोठी चूक! तुम्ही तर चांगले जिवंत…"

"ते राहू द्या हो. दुसरी ओळ वाचा. 'मधुर आवाजाचे निवेदक.' मधुर? माझा आवाज मधुर कधीच नव्हता. भारदस्त होता. मधुर होती ती दुपारची बाई, भरतकामाच्या कार्यक्रमातली."

बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि उरलेले स्वतः तांब्यानेच प्यायल्या.

या सगळ्या भानगडीला कारण ग्रंथालयाचे संचालक. ते सुट्टीत शेजारच्या जिल्ह्यात गेले होते. तिथल्या दफनभूमीत म्हणे नामवंतांच्या थडग्यांजवळ पाट्या लावल्या आहेत, आणि लोक तिकीट काढून हिंडतात. परत आल्या आल्या त्यांनी बैठक घेतली. "आपल्या जिल्ह्यात माणसं मेली नाहीत का?" त्यांनी टेबलावर हात आपटून विचारले. सगळे खाली बघत होते. "मेलीत ना साहेब," बाई म्हणाल्या. उत्तर दिले म्हणून पाट्या लावण्याचे आणि नामवंतांची पुस्तिका काढण्याचे काम त्यांच्याच गळ्यात पडले.

मग बाई जिल्ह्यातल्या एकूण एक दफनभूमी पालथ्या घालत सुटल्या. गवतात शिरल्या, मुंग्यांचे चावे खात हिंडल्या, दगडांवरचे शेवाळ घरातल्या जुन्या टूथब्रशने घासत बसल्या. नामवंत सापडलेही. एका गवताला ज्याचे नाव दिले गेले असा वनस्पतीशास्त्रज्ञ सापडला. ते गवत पुढे शेतकऱ्यांच्या मुळावर आले ही गोष्ट वेगळी. नदीवर पूल बांधणारा अभियंता सापडला, आणि तो पूल पडल्यावर दुसरा बांधणारा त्याच्या शेजारीच सापडला. ज्यांची माणसे पुस्तिकेत आली नाहीत ते नातेवाईक भांडायला येत, आणि ज्यांची आली ते आणखी दोन ओळींसाठी भांडायला येत.

निवेदकांचे थडगे गावाबाहेरच्या दफनभूमीत कोपऱ्यात होते. एकच रुंद दगड. डावीकडे त्यांच्या पत्नीचे नाव, जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष. उजवीकडे त्यांचे नाव, जन्माचे वर्ष, आणि पुढे वेलीचे रान. वेल निघता निघेना. "पुढचं वर्ष कुठंय?" बाईंनी रखवालदाराला विचारले. "असेल की आतच कुठंतरी. जातंय कुठं?" तो म्हणाला.

आपण काम चोख करतो असा बाईंना अभिमान होता, म्हणून त्यांनी रेडिओ केंद्राला फोनही केला. पलीकडे कोणी तरुण होता.

"ते होय? ते केव्हाच गेले."

"अरेरे. कधी गेले?"

"नवी इमारत झाली ना, त्याच वर्षी. फार शांतपणे गेले म्हणतात. कुणाला काही त्रास नाही, काही नाही."

बिचाऱ्या पोराला म्हणायचे होते की ते निवृत्त झाले. बाईंनी नव्या इमारतीचे वर्ष लिहिले आणि पुढे 'शांतपणे निधन' असेही जोडले.

"काका, मी आत्ताच्या आत्ता तुमची पाटी काढून टाकते," बाई उठत म्हणाल्या. "पुस्तिकेतलं ते पानही फाडते."

"खबरदार!" निवेदक म्हणाले. आवाज खरोखरच भारदस्त होता. खिडकीची काच थरथरली. मग त्यांचा आवाज जरा खाली उतरला. "अहो, ही तिकडे एकटीच असते. मी रविवारी जातो तेवढाच. दुसरं कुणी फिरकत नाही. आता तुमची पाटी लागल्यापासून माणसं येतात, थांबतात, वाचतात. परवा कुणीतरी फुलं ठेवून गेलं. ठेवली माझ्यासाठी, पण दगड एकच ना, तिच्या वेळीच माझंही नाव कोरून ठेवलेलं, तिच्याही वाट्याला आली. मला मेलेलाच राहू द्या. फक्त ते 'मधुर' तेवढं काढा."

बाई तडक संचालकांच्या खोलीत गेल्या.

संचालकांनी सगळे ऐकले आणि ते खुर्चीतच घसरले. "जिवंत? असा कसा जिवंत?"

"आता ते मी कसं सांगू साहेब? आहेत. बाहेर बसलेत."

"रविवारी मंत्रीमहोदय उद्घाटनाला येणार! त्याच पाटीसमोर! लहानपणी त्यांच्या घरी याच बुवांच्या बातम्या लागायच्या म्हणून भाषण मुद्दाम तिथं ठेवलंय. मंत्रीमहोदय तिथं फुलं वाहणार, गहिवरणार. पत्रिकेत छापलंय तसं!"

"गहिवरणार असं छापलंय?"

"'भावपूर्ण आदरांजली' छापलंय, एकच ते! बाई, त्या माणसाला म्हणावं रविवारपर्यंत गप्प बसा. नंतर काय जिवंत व्हायचं ते व्हा."

हे संभाषण संचालकांच्या मते खासगीत चालले होते. पण दाराबाहेर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून दंतवैद्याची नात बसली होती. ती गेले कित्येक आठवडे रोज येत होती. तिच्या आजोबांनी अर्ध्या जिल्ह्याचे दात काढले होते, आणि तरी त्यांना पुस्तिकेत जागा मिळाली नव्हती.

"वा!" ती बाईंना जिन्यात गाठून म्हणाली. "जिवंत माणसं चालतात, आणि आमचे आजोबा रीतसर मेलेत तर ते चालत नाहीत?"

"अगं, हळू बोल जरा."

"मी तर रविवारी मंत्र्यांनाच विचारणार."

संध्याकाळपर्यंत दंतवैद्य नामवंत झाले. त्यांच्यावरचा मजकूर वेगळ्या चिठ्ठ्यांवर छापून घेतला आणि बाई एकेका पुस्तिकेत खळ लावून त्या चिकटवत बसल्या. नातीने ही गोष्ट फक्त आपल्या मावशीला सांगितली. मावशीचे सासरे जिल्ह्यातले पहिले बस कंडक्टर निघाले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांची दुसरी खेप आली. पुस्तिका फुगून जाड झाली आणि बंदच होईना.

याच दिवसांत निवेदक रोज येऊ लागले. आधी 'मधुर' काढून 'भारदस्त' झाले. मग 'निवेदक'च्या आधी 'ज्येष्ठ' आले. मग त्यांनी 'शांतपणे निधन'वर बोट ठेवले.

"हे नको. मी शांतपणे जाईन असं वाटत नाही मला."

"मग काय लिहू?" बाईंनी दातओठ खात विचारले.

"सध्या जागा मोकळी सोडा."

बाई घरी आल्या त्या पर्स खुर्चीवर फेकतच. नवरा भाजी चिरत होता.

"तुला दोनच मार्ग आहेत," सगळे ऐकून तो गंभीरपणे म्हणाला. "एक तर पाटी काढ…"

"ते शक्य नाही."

"…नाहीतर वाट बघ."

बाईंनी त्याच्याकडे असे काही बघितले की तो उरलेली भाजी मुकाट्याने चिरू लागला.

रविवारी दफनभूमीत खुर्च्या मांडल्या होत्या. निवेदकांकडून बाईंनी वचन घेतले होते की ते घरीच थांबतील. ते अर्थातच आले. झाडाआड थडग्याच्या मागच्या बाजूला उभे राहिले, आणि "मी काही बोलणार नाही, रविवार माझा इथलाच असतो," असे बाईंना खुणेनेच बजावले. रेडिओवरचा माणूस, त्यांचा चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता. दंतवैद्याची नात मात्र पहिल्या रांगेत बसून बाईंकडे बघून गोड हसत होती.

मंत्रीमहोदय पाटीसमोर उभे राहिले. फुले वाहिली. रुमाल काढला. "मित्रहो," ते म्हणाले, "आज तो आवाज शांत झालाय. पण माझ्या कानात अजून घुमतोय. आमचे वडील म्हणायचे, उच्चार शिकायचे तर या माणसाकडून. ते कसं म्हणायचे? 'नमस्कार. बातम्या देत आहे…'"

"'बातम्या देत आहे' नाही!" थडग्यामागून आवाज गरजला. "'ठळक बातम्या' आधी!"

झाडावरचे पक्षी उडाले. खुर्च्यांवरची माणसे अर्धवट उठून उभी राहिली. हा आवाज जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात शिरलेला होता; चुकण्याचा प्रश्नच नव्हता. कोणीतरी एक हुंदका दिला. एक बाई जागच्या जागी खाली बसली. ग्रंथपालबाईंनी डोळे मिटून घेतले आणि आपल्या इतक्या वर्षांच्या नोकरीचा मनातल्या मनात निरोप घेतला.

"ध्वनिमुद्रण आहे!" संचालक ओरडले. घामाने त्यांची कॉलर भिजली होती. "ध्वनिमुद्रण, साहेब! आम्ही थडग्यात यंत्र बसवलंय! लोकांना आवाज ऐकू यावा म्हणून!"

मंत्रीमहोदय क्षणभर थडग्याकडे बघत राहिले. थडगे खोकले.

"उत्तम कल्पना," मंत्रीमहोदय हळूच म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. हुंदका देणाऱ्यानेसुद्धा.

कार्यक्रम संपला. माणसे चहाच्या टेबलाकडे वळली आणि संचालक त्यांच्यामध्ये उभे राहून, यंत्र किती दुरून मागवले, हे रंगवून सांगू लागले. बाई धावतच झाडामागे गेल्या. निवेदक दगडाच्या कडेला बसून पत्नीच्या नावावर पडलेली फुले नीट लावत होते.

"वचन दिलं होतंत तुम्ही!" बाई दबक्या आवाजात कडाडल्या. "एक शब्द बोलणार नाही म्हणाला होतात!"

"तो चुकीचं म्हणत होता," निवेदक म्हणाले. "ही असती तर हीच ओरडली असती. माझ्या आधी."

तेवढ्यात पाचोळा वाजला. मंत्रीमहोदय एकटेच तिथे येऊन उभे होते.

"ध्वनिमुद्रण खोकत नाही हो बाई," ते म्हणाले. मग निवेदकांकडे वळून त्यांनी नमस्कार केला. "मी लहानपणी तुमचं ऐकून बोलायला शिकलो."

निवेदकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "वाटत नाही तसं," ते म्हणाले.

मंत्रीमहोदय हसले. पण गेले नाहीत. इकडेतिकडे पाहून त्यांनी बाईंना जरा बाजूला बोलावले आणि अगदी खालच्या पट्टीत विचारले, "म्हणजे तुमच्या या पुस्तिकेत जिवंत माणसंही चालतात तर?"

"नाही साहेब, ती चूक झाली. मी आजच लेखी खुलासा…"

"खुलासा नको. तसं नाही म्हणत मी. इथल्या त्या भिंतीशी मीही माझ्या थडग्यासाठी जागा घेऊन ठेवलीय. आता निवडणुकीचं काही खरं नसतं. नंतर कोण विचारतंय, कोण लिहितंय? तुम्ही लिहितच आहात, तर माझंही आत्ताच…"

गेल्या काही महिन्यांतले सगळे शेवाळ, सगळ्या मुंग्या, खळ आणि चिठ्ठ्या बाईंच्या घशाशी आल्या. पण शेवटी मंत्री तो मंत्री. बाईंनी निमूटपणे पिशवीतून पेन आणि कागद काढला आणि प्रत्येक नातेवाइकाला विचारायच्या तसेच विचारले, "कशासाठी प्रसिद्ध म्हणून लिहू?"

मंत्रीमहोदयांनी बोलायला तोंड उघडले. मग मिटले. ते भिंतीकडे बघू लागले, मग आभाळाकडे, मग आपल्या बुटांकडे. बाई पेन टेकवून उभ्या होत्या. मागे निवेदकांनी घसा साफ केला. चालक दोनदा येऊन उशीर होतोय म्हणून सांगून गेला. शेवटी मंत्रीमहोदय गाडीकडे निघाले, आत बसले, आणि गाडी सुरू झाल्यावर त्यांनी काच खाली केली.

"कळवतो," ते म्हणाले.

अजून कळवलेले नाही.