सेंट लुइसला पडलेला पाऊस

मिलो कुबिचेकच्या घरातला टेलिफोन रोज दहा-पंधरा वेळा वाजायचा, पण मिलोसाठी कधीच नाही. एकाच तारेवर आठ घरं होती आणि प्रत्येक घराची घंटा वेगळी. इर्मा लिंडग्रेनची तीन आखूड. डेल्बर्ट शूल्टीची एक लांब, एक आखूड. मिलोची दोन लांब, एक आखूड. ही शेवटची घंटा दोन वर्षांपूर्वी वाजली होती, आणि तेव्हाही पलीकडच्या बाईला दुसराच कुणीतरी हवा होता. मिलोनं तिला सहा मिनिटं बोलण्यात गुंतवून ठेवलं होतं.

नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये तेव्हा शेजारी म्हणजे चार मैलांवरचा माणूस. गुरं, गवत, वारा आणि पुन्हा गुरं. आई गेल्यापासून अकरा वर्षं मिलो एकटाच राहत होता. त्याला सोबत होती ती सेंट लुइसच्या बेसबॉल संघाची.

सेंट लुइस सहाशे मैलांवर. मिलोनं ते शहर कधी पाहिलं नव्हतं. पण रेडिओ आणला त्या दिवशी त्यानं त्याची तार पवनचक्कीच्या टोकाला बांधली आणि दिवस मावळल्यावर बटण फिरवलं. डेन्व्हर निम्म्या अंतरावर होतं, पण तिथून नुसती खरखर आली. मग एकदम, जणू स्वयंपाकघरातूनच, एक माणूस म्हणाला, "नमस्कार मंडळी, जेवणं झाली का?" मिलो म्हणाला, "झाली." त्या क्षणापासून तो सेंट लुइसचा झाला. खेळाडूंचे चेहरे त्यानं स्वतःच ठरवून टाकले होते. त्यातला सगळ्यात लाडका गस पेट्री. एकोणचाळीस वर्षांचा, राखीव खेळाडू. मोसमभर बाकावर बसायचा आणि त्याला कुणी बोलवायचं नाही.

मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दोन लांब, एक आखूड घंटा वाजली. मिलोचा चमचा वाटीत पडला. नीट ऐकलं की नाही याची खात्री करायला त्यानं ती पुन्हा वाजू दिली.

"मिलो, मी इर्मा लिंडग्रेन. माझा रेडिओ बिघडलाय. तुमचा चालतो ना?"

"चालतो, इर्माबाई. पण त्याच्यावर फक्त बेसबॉल लागतो."

"चालेल. कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं."

मिलोनं कणीक मळायचं पत्र्याचं मोठं घमेलं आणलं, त्यात रिसीव्हर ठेवला आणि ते रेडिओसमोर टेकवलं. आवाज घुमून तारेवर गेला. दहा मिनिटांत आणखी कुणीतरी रिसीव्हर उचलल्याचं खट् झालं. मग आणखी एकदा खट्. इर्माबाईंच्या घड्याळाच्या टिकटिकीमागे डेल्बर्टचा कुत्रा धापा टाकायला लागला आणि कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. जून संपेपर्यंत आठही घरं सेंट लुइसची झाली होती.

अडचण एकच होती. जितके रिसीव्हर उचलले जात, तितका आवाज बारीक होई. शेवटी मिलो स्वतःच रेडिओला कान लावून ऐकायचा आणि घमेल्यात तोंड घालून सांगायचा. "दुसरा गडी बाद! चेंडू कुंपणाकडे... अडवला!" बावन्न वर्षांच्या आयुष्यात तो जेवढं बोलला नव्हता, तेवढं त्या उन्हाळ्यात बोलला. खेळ संपल्यावरही लोक लगेच रिसीव्हर ठेवत नसत. "झोप आता मिलो, घसा बसला तुझा," असं कुणीतरी म्हणायचं. ते ऐकण्यासाठी तो नऊ डाव ओरडायचा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वारा पडला.

आमच्या भागात वारा पडणं म्हणजे समुद्रातलं पाणी संपण्यासारखं. सोमवारपासून गवताचं पातं हललं नाही. मिलोच्या छपरावर एक छोटा पंखा होता, तो वाऱ्यावर फिरून रेडिओची बॅटरी भरायचा. तोही थांबला. मिलोनं मंगळवारी रेडिओ लावलाच नाही, बुधवारसाठी जपून ठेवला. कारण बुधवारचा सामना हरला तर सेंट लुइसचा मोसम संपल्यातच जमा होता.

सातव्या डावात सेंट लुइस तीन-दोन असं मागे होतं. चेंडू टाकायला पिचरनं हात मागे नेला आणि रेडिओ बंद पडला. खरखर नाही, काही नाही. मिलोनं त्याला एक थापड मारली, मग हलकेच कुरवाळलं.

"पुढे?" डेल्बर्टनं विचारलं.

"पिचर... बुटाची नाडी बांधतोय."

एक मिनिट गेलं.

"अजून?"

"आता दुसऱ्या बुटाची."

"बूट आहेत की घोड्याचा साज?" डेल्बर्ट म्हणाला.

तेवढ्यात खट् झालं. बाळाचं रडणं नाहीसं झालं. एक घर गेलं. मग दुसरं खट्. सगळे असेच एकेक करून जातील, मग आपण, घमेलं आणि ही शांतता. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "पाऊस आला! सेंट लुइसला धो धो पाऊस!"

तीन आठवडे ज्यांनी थेंब पाहिला नव्हता अशा माणसांना त्यानं हे सांगितलं. कुणीतरी घंटा वाजवली आणि गेलेली दोन्ही घरं परत आली. सगळे एकदम बोलायला लागले.

"किती पडला?"

"म्हणजे?"

"अरे बाबा, इंचात सांग!"

"समालोचकानं नाही सांगितलं."

"मग कसला डोंबलाचा समालोचक! चेंडू कुठे गेला ते सांगतो, पाऊस किती ते सांगत नाही?"

"ढग कुठून आले?" कुणीतरी विचारलं. "पश्चिमेकडून आले असतील तर ते आपल्यावरूनच गेले असणार. आपल्याकडे का नाही थांबले?"

"आपल्याला बघून पुढे गेले असतील."

"मरू दे तुमचे ढग," डेल्बर्ट ओरडला. "माझ्या मेव्हण्याचं शेत आहे तिकडे! लॉइडचं सगळं गवत कापून पडलंय!"

मिलोनं घमेल्यात तोंड आणखी आत घातलं. "थांबला! पाऊस थांबला! मैदान पुसतायत."

त्यानंतर त्यानं थांबायचं म्हटलं असतं तरी थांबता आलं नसतं. आठवा डाव त्यानं भरभर उरकला. नवव्या डावात एक गडी पहिल्या तळावर उभा, दोघे बाद, आणि आता फटका मारायला कोण येणार? मिलोनं बाकाकडे पाहिलं. बाकाच्या टोकाला, टोपी गुडघ्यावर ठेवून, तो बसला होता.

"गस पेट्रीला बोलावलंय," मिलो हळूच म्हणाला.

"त्या म्हाताऱ्याला?" डेल्बर्ट कळवळला. "गेला सामना!"

"गप्प बसा हो," इर्माबाई म्हणाल्या. "त्याला मारू तर द्या."

गस पेट्रीनं मारला. चेंडू दिव्यांच्या वर गेला, कुंपणापलीकडे गेला. मिलोच्या अंदाजानं रस्ताही ओलांडून गेला. सेंट लुइस चार, पाहुणे तीन. आठही घरांत आरडाओरडा झाला आणि डेल्बर्टचा कुत्रा भुंकत सुटला. त्या गोंगाटात इर्माबाईंनी विचारलं, "मिलो, त्याचं कौतुक करायला बाकीचे धावत आले का हो?"

"आले," मिलो म्हणाला. "सगळे आले."

"मग ठरलं," डेल्बर्ट म्हणाला. "रविवारी दुपारी सगळ्यांनी मिलोकडे जमायचं! बायकांनी फळं भरलेले गोड पाय भाजून आणायचे."

मिलोच्या घरी अकरा वर्षांत कुणी आलं नव्हतं. आनंदानं त्याला झोप येईना. मग आठवलं की शनिवारच्या टपालानं बुधवारच्या सामन्याचं वर्तमानपत्र येतं, तेही आठही घरी. मग आनंद बाजूला राहिला आणि झोपही.

शुक्रवारी दुसरीच गंमत झाली. डेल्बर्टनं मेव्हण्याला तार केली होती, "पाऊस किती? गवत झाकलं का?" तिचं उत्तर आलं, आणि गावातल्या टेलिफोन ऑफिसातल्या नेवानं ते फोनवर वाचून दाखवलं. अर्थात आठही घरांना.

"डेल्बर्ट, लॉइडची तार. 'महिनाभर थेंब नाही. तू प्यायला लागलास का? ताईला सांगू?' एवढंच आहे."

तारेवर कुणीतरी फिसकन हसलं. मिलो रिसीव्हर घट्ट धरून उभा होता. आता सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"लॉइडचं शेत मैदानापासून तीस मैल आहे," डेल्बर्ट ठणकावून म्हणाला. "पाऊस मैदानावर पडला. मी कानांनी ऐकलाय!"

मिलोनं तोंड मिटलं.

शनिवारी टपालवाल्याची गाडी पुढे आणि मिलोची मागे. रस्त्याकडेच्या पत्रपेटीतलं दुसऱ्याचं टपाल काढणं हा सरकारी गुन्हा होता, हे मिलोला माहीत होतं. पण तुरुंगात निदान शेजारी तरी असतात. पहिली पेटी इर्माबाईंची. त्यानं वर्तमानपत्र काढलं आणि उभ्या उभ्या उघडलं. सेंट लुइस हरलं होतं. नऊ-दोन. ते ठीक होतं, पण खाली चार ओळींची बातमी होती. गस पेट्रीला मंगळवारीच संघातून काढून टाकलं होतं. बुधवारी मिलो त्याला मैदानावर पाठवत होता तेव्हा तो गाडीत बसून घरी चालला होता.

मिलो बराच वेळ ती बातमी बघत राहिला. स्वतःच्या खोटेपणापेक्षा त्याला त्या माणसाचंच वाईट वाटलं.

"मिलो!" कुंपणापलीकडून इर्माबाई. "माझ्या पेटीत काय करताय?"

"काही नाही. पेटीचं झाकण... कुरकुरतं का बघत होतो."

"कुरकुरतं?"

"नाही."

"बरं झालं," इर्माबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. मिलोनं वर्तमानपत्र त्यांच्या हातात दिलं आणि बाकीच्या सहा पेट्या तशाच सोडून घरी गेला.

रविवारी त्यानं तरीही अंगण झाडलं. आईचा मेजपोश काढला आणि पुन्हा ठेवून दिला. कोण येणार? दोन वाजेपर्यंत रस्त्यावर काही नव्हतं. मग आधी वारा सुटला. छपरावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. त्या वाऱ्यात लांबवर धूळ दिसली आणि धुळीतून एकामागोमाग एक सात गाड्या आल्या.

बायकांनी पाय आणून टेबलावर ठेवले. चेरीचा, सफरचंदाचा, रुबार्बचा. धूळ बसू नये म्हणून प्रत्येकावर वर्तमानपत्र झाकलेलं होतं. शनिवारचं. चेरीच्या पायवर खेळांचं पान वर आलं होतं आणि नऊ-दोनच्या निकालावर लाल रसाचा डाग पडला होता.

मिलोचे कान तापले. "मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"आधी खा," डेल्बर्ट म्हणाला. त्यानं वर्तमानपत्र उचललं, चुरगाळलं आणि कुत्र्यापुढे टाकलं.

"पण बुधवारी..."

"मिलो," इर्माबाई पाय कापता कापता म्हणाल्या, "बुधवारी वारा पडून तीन दिवस झाले होते. सगळ्यांच्या पवनचक्क्या थांबल्या होत्या. गुरांना पाणी हातानं उपसत होतो आम्ही. तुमच्या एकट्याच्या छपरावर वारा होता असं कुणाला वाटलं असेल?"

सगळ्यांनी एकदम डेल्बर्टकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं," डेल्बर्ट म्हणाला. "त्यात काय? आणि माझ्याकडे कशाला बघता, या बाईंना विचारा. मे महिन्यापासून यांचा रेडिओ बिघडलाय म्हणे! मी स्वतः बसवून दिलाय तो, आणि नव्या बॅटऱ्या घातल्यात. बैलासारखा ओरडतो."

इर्माबाई रुबार्बच्या पायसारख्या लाल झाल्या. "मग?" त्या म्हणाल्या. "तो ओरडतो, पण 'झाली का जेवणं' विचारलं तर उत्तर ऐकायला थांबत नाही."

मिलोनं तोंडात मोठा घास घातला, कारण दुसरं काही करणं त्याला जमेना.

तेवढ्यात फोन वाजला. दोन लांब, एक आखूड.

सगळे थबकले. मिलोनं माणसं मोजली. आठही घरं त्याच्या स्वयंपाकघरात होती. तारेवर कुणी उरलंच नव्हतं.

"हॅलो?"

"मिलो, मी नेवा. टेलिफोन ऑफिसातून." आवाज जरा अवघडलेला होता. "आज मॅच नाही का? रविवारी कुणाचाच फोन येत नाही रे. मी सकाळपासून एकटी बसलेय."

"तू पण ऐकतेस?"

"पहिल्या दिवसापासून. नोकरी जाईल म्हणून श्वास दाबून ऐकते."

"अगं, रविवारी सामना दुपारी असतो," मिलो म्हणाला. "उजेडात सेंट लुइसचा आवाज इथपर्यंत पोचत नाही."

"मग बुधवारी कुठे पोचला होता?" नेवानं विचारलं.

मिलोनं वळून पाहिलं. इर्माबाईंनी पीठ झटकून घमेलं त्याच्यापुढे धरलं होतं. त्यानं रिसीव्हर त्यात ठेवला, खुर्ची ओढली आणि घसा खाकरला.

"नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "लख्ख ऊन आहे..."

"पाऊस नको हं!" डेल्बर्ट मागून ओरडला.

"...पाऊस नाही. आणि बाकावर आज गस पेट्री दिसत नाहीये." मिलो जरा थांबला. तारेवर नेवाचा श्वास अडकला. "कारण तो पहिल्यापासूनच खेळतोय."