पानडब्याचा रणगाडा

डबा उचलण्याआधी तोंडानं एक वाक्य विचारायचं होतं, "आई, हा मी नेऊ का?" बस, इतकंच. पण कमलाकांतरावांनी ते विचारलं नाही आणि पुढचं सगळं रामायण त्यापायी घडलं.

कमलाकांतराव अमरावतीच्या एका शाळेत सायन्सचे मास्तर. त्यांचे सासरे भगवंतराव हे अकोल्याचे नावाजलेले वकील. ते भाद्रपदात वारले. मुलगा नव्हता, म्हणून सासूबाईंनी, म्हणजे भागीरथाबाईंनी, लेकीकडे अमरावतीला राहायचं ठरवलं आणि अकोल्याचं घर आवरायला जावई गेले. तिथं फडताळात त्यांना सासऱ्यांचा पितळी पानडबा दिसला. समोरून उतरता, मागून चौकोनी, दोन्ही बाजूंना कड्या. दुसऱ्या कुणाला त्यात सुपारी आठवली असती. यांना रणगाडा दिसला. (लढाई नुकतीच संपली होती. पेपरात रोज रणगाड्यांचे फोटो यायचे. पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनात रेडिओनं चालणारा रणगाडा ठेवून हेडमास्तरांना गार करायचं, हे यांचं आधीच ठरलेलं होतं.) विचारलं तर सासूबाई नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्यावर नेला तर ती चोरी. न विचारता नेला तर निदान कुणी 'नाही' तरी म्हटलेलं नाही, असा शास्त्रशुद्ध विचार करून त्यांनी डबा धोतरात गुंडाळला आणि बडनेऱ्याची गाडी पकडली.

आता हा डबा म्हणजे काही साधी वस्तू नव्हती. जेवण झालं की भगवंतराव त्याच्या झाकणावर बोटानं दोनदा वाजवत. टक् टक्. मग कुणीतरी पान लावून द्यायचं. ते तोंडात पडल्याशिवाय गृहस्थ पाटावरून उठत नसे, मग कोर्टात पक्षकार का खोळंबेना.

सासूबाईंनी अमरावतीला आल्या आल्या ट्रंका उपसल्या. "यांचा पानडबा कुठं दिसून नाही राहिला," त्या म्हणाल्या.

कमलाकांतरावांच्या तोंडातून भलतंच निघालं. "देवमनला विचारलं का?"

देवमन म्हणजे अकोल्याच्या घरी वीस वर्षं राबलेला गडी. बोलून गेल्यावर जीभ चावायची असते, ती यांनी चावली, पण बोललेलं परत घेतलं नाही. त्या दिवसापासून देवमनचं नाव निघालं की मास्तरांना घास गिळवेना.

रणगाडा मात्र वर्षभर वाढत राहिला. डब्याला मिलिटरी हिरवा रंग दिला. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं झाली, सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे झाले. चुन्याची डबी उलटी बसवून वर फिरता बुरूज केला आणि त्यात पिचकारीची नळी खोचली, ती तोफ. पत्र्यावरचे रिव्हेट दिसावेत म्हणून मोहरीचा एकेक दाणा सरसानं चिकटवला. पोटात टॉर्चचे चार सेल, मोटार आणि एक चिमुकला स्विच. दुसरं यंत्र, बटणाचं, एका मोडक्या कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पेटीत बसवलं आणि खुंटीला टांगलं.

पहिल्यांदा चालला त्या दिवशी मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी सासूबाईंना पुढ्यात बसवून धडाच घेतला. "आई, हे बटण दाबलं की हवेतून लहरी जातात. त्या आतल्या स्विचला कळतात. एकदा दाबलं की चालतो, पुन्हा दाबलं की थांबतो."

"हो का," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी वाकून रिव्हेटांवरून बोट फिरवलं. "मोहरी काहून पुरत नव्हती, ते आज समजलं."

बाईंना बाकी काही समजलं नाही, अशी मास्तरांनी खात्री करून घेतली.

वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं आणि घरात काहीतरी बिनसलं.

रविवारची दुपार होती. मास्तर सतरंजीवर बसून रणगाड्यावर नंबर रंगवत होते. ब्रश धुवायला मोरीपर्यंत गेले आणि परत आले, तर सतरंजी मोकळी. रणगाडा चार हात पुढं, अकोल्याहून आणून भिंतीशी मांडलेल्या सासऱ्यांच्या पाटासमोर उभा होता. पेटी खुंटीला तशीच होती. माजघरात सासूबाई अंगावर चौघडी घेऊन, डोळे मिटून पडलेल्या. घरात चिटपाखरूही हललेलं नाही.

तेवढ्यात रणगाड्याच्या पोटातून आवाज आला. टक् टक्.

मास्तरांच्या हातातला ब्रश पडला. स्वयंपाकघरातून बायको, सरोजिनी, पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. "बाबांचा आवाज," ती अगदी हळू म्हणाली.

"शेजारची चक्की," मास्तर म्हणाले. "तिच्या मोटारीच्या ठिणगीनं लहरी येतात."

"रविवारी चक्की बंद असते."

मंगळवारी तो चूल विझल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. गुरुवारी मास्तर शाळेतून आले तर थेट त्यांच्याच पायाशी आला, बुटाला टेकला आणि वाजला. सासूबाई म्हणत, "यांचा जीव कशात तरी अडकून राहिला." मास्तर हसण्याचा प्रयत्न करत आणि पाणी पीत. प्रदर्शन राहिलं बाजूला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांनी रणगाड्याचे सेल काढले, पेटीतलेही काढले, सगळे कोटाच्या खिशात घातले आणि कोट अंगातून काढला नाही. रणगाडा पडवीच्या कोपऱ्यात उपरण्याखाली झाकून ठेवला. आता मेलेला माणूस आला तरी चालवील कशानं, असा त्यांचा सवाल होता.

श्राद्धाला देवमन अकोल्याहून केळीची पानं घेऊन आला आणि अंगणात भिंतीला टेकून मान खाली घालून बसला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहण्याचं टाळलं. गुरुजींनी सगळं आटोपलं. सोवळं नेसलेल्या सासूबाईंनी कावळ्याचं पान अंगणात नेऊन ठेवलं.

कावळा आला नाही.

म्हणजे आला होता. लिंबावर चांगले तीन बसले होते. पण पानाकडे बघत आणि मान फिरवत. अर्धा तास झाला. गुरुजींना पुढं भातकुलीला जायचं होतं, ते घड्याळ बघू लागले. मग अशा वेळी घरोघर करतात तसं मेलेल्या माणसाला शब्द देणं सुरू झालं.

"सरोजिनीला अंतर देणार नाही," सासूबाई म्हणाल्या. कावळे हलले नाहीत.

"अकोल्याचं घर परक्याला देणार नाही." नाही.

"जावईबापू विडी सोडतील." मास्तरांनी चटकन मान हलवली. (विडी ते प्रयोगशाळेच्या मागं ओढत. घरात कुणाला माहीत नाही, असा त्यांचा समज होता.) तरी नाही.

वारा पडला होता. तिन्ही कावळे एकाच वेळी गप्प झाले. त्या शांततेत देवमन उठला, पानापुढं आला आणि हात जोडून उभा राहिला.

"वकीलसायेब," तो म्हणाला, "डबा म्या नाई घेतला. पर म्या घेतला म्हणल्यानं तुमी जेवत असान, त म्याच घेतला. तुमी उपाशी नका राहू."

म्हातारा गडी, वीस वर्षं त्या घरची भांडी घासलेला, आणि त्याच्या डोक्यावर हे पाप आपण ठेवलेलं. मास्तरांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. ते चारचौघांत, कोटासकट, अंगणात खाली बसले.

"बाबा, डबा मी नेला," ते म्हणाले. "न विचारता नेला. देवमनचं नावही मीच घेतलं. चुकलो."

पडवीत काहीतरी वाजलं.

टक् टक्.

उपरणं हललं. मग ते जमिनीवरून सरकू लागलं, गळून पडलं आणि त्याखालून हिरवा रणगाडा निघाला. सावकाश, वकीलसाहेब जेवायला यायचे त्याच चालीनं, तो उतारावरून अंगणात आला, मास्तरांच्या बाजूनं गेला आणि तोफेचं टोक पानावरच्या भाताला लावून थांबला. लगेच लिंबावरचे तिन्ही कावळे खाली आले.

"स्पर्श झाला," गुरुजी म्हणाले, आणि दक्षिणा न घेताच भातकुलीला गेले.

जेवणं झाली तरी मास्तर रणगाड्याकडे पाठ करायला तयार नव्हते. सासूबाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "घाबरू नका. डबा मी पहिल्याच दिवशी ओळखला. पस्तीस वर्षं रोज घासला, रंग दिल्यानं काय लपते? कबूल कधी होता, तेवढंच पाहून राहिली होती. देवमनला तर मी तेव्हाच पत्र टाकलं, तुझ्यावर संशय नाही म्हणून."

"बाईनं सांगतलं तसं बोललो म्या," देवमन अंगणातून म्हणाला. "डोयाले पानी मातर आपसूक आलं."

मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. "म्हणजे रविवारी तो चौघडीखालून तुम्ही..."

"एकदा दाबलं की चालतो, पुन्हा दाबलं की थांबतो. तुम्हीच तर शिकवलं. पेटी खुंटीलाच राहू दिली, यंत्र तेवढं काढून घेत होती. भरभर दोनदा दाबलं की आतला स्विच टक् टक् वाजते."

इतकं हलकं मास्तरांना वर्षभरात वाटलं नव्हतं. ते मोठ्यानं हसले. "आणि आज पानावरही तुम्हीच नेला."

सासूबाई हसल्या नाहीत.

"आज काहून नेईन? सोवळ्यात होती मी. त्या चामड्याजवळ तरी जाईन का? मला वाटलं, तुम्हीच नेला."

मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. सगळे सेल तिथंच होते. देवमन उठून गुपचूप रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

त्यानंतर प्रदर्शनाचं नाव निघालं नाही. मास्तरांनी आठ दिवस बसून रंग खरवडला, मोहरीचा दाणा न दाणा काढला, चाकं सोडवली आणि चिंच लावून डबा असा लखलखीत केला की सासूबाईंनाही खोट काढता येईना. तो पाटाशेजारी ठेवला गेला. आता त्याच्यात ना सेल, ना मोटार, ना स्विच.

तरी दुपारची जेवणं झाली की घरात कधीकधी ऐकू येतं, टक् टक्. सासूबाई मान वर करत नाहीत, सरोजिनी जागची हलत नाही. कमलाकांतराव मात्र हातातलं काम टाकून उठतात, सरळ चालतात, पाटापुढं थांबतात आणि पान लावायला बसतात. सरोजिनी शेजारणींना सांगते, यांनी रेडिओवर चालणारी वस्तू बनवली म्हणतात ते अगदी खरं आहे, आणि तिला सेलसुद्धा लागत नाहीत.