मामांचं सोडियम कमी झालं

"या प्रयोगशाळेत कुणाला शिंक आली तरी ती आधी माझी परवानगी घेते!" चिमटेमामांनी विभागप्रमुख सरांना छातीवर हात ठेवून सांगितलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ठीक अकराला तपासणीच्या बाई येणार होत्या.

चिमटेमामा म्हणजे कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक. खिशात पेनाच्या जागी कायम चिमटा, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. ते इतकं चिकटलं, की पाकिटावर खरं नाव असलेलं पत्र आलं तर मामा ते इमानदारीत शेजाऱ्याकडे नेऊन देत.

"मामा, या बाई साध्या नाहीत," सर म्हणाले. "मागच्या महिन्यात एका कॉलेजात त्यांना एका बाटलीचं झाकण सैल दिसलं. प्रयोगशाळेला कुलूप लावून किल्ली घेऊन गेल्या! तिथला सहायक आता तळघरात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधतो आणि गठ्ठ्यांशीच बोलतो म्हणे."

"सर, तुम्ही निश्चिंत राहा!"

सर निश्चिंत होऊन बाईंच्या स्वागताला गेटवर गेले. मामांनी शेवटची फेरी सुरू केली आणि सोडियमच्या बरणीपाशी येऊन थबकले.

सोडियम ही मामांची हळवी बाजू होती, म्हणजे लाडकी. दिसायला धातू, पण सुरीनं लोण्यासारखा कापला जाणारा. ताजा काप चांदीसारखा चमकतो आणि आपण 'वा' म्हणेपर्यंत हवेनं काळवंडतो, नवीन सुनेसमोर सासूचा चेहरा काळवंडावा तसा! पाण्याशी तर त्याचं हाडवैर. पाणी दिसलं की फुरफुरतो, पळतो, पेट घेतो. म्हणून त्याला जन्मभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, कोरड्या चिमट्यानंच उचलायचं आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवायची. मामांच्या बरणीत चार मोठे तुकडे होते आणि एक वाटाण्याएवढं पिल्लू.

आज चारच होते. पिल्लू गायब!

मामांना दरदरून घाम फुटला. मग घामातही पाणी असतं हे आठवलं आणि आणखी घाम फुटला. हरवलेलं पेन गप्प पडून राहतं. हरवलेलं सोडियम ओल्या फरशीवर, बेसिनमध्ये, कुणाच्याही ओल्या चपलेखाली आपला पत्ता स्वतः सांगतं! आणि नेमक्या त्या वेळी बाई दारात उभ्या असल्या तर? तळघर! गठ्ठे!

सरांना विचारायची सोय नव्हती. पंधरा मिनिटांपूर्वीची छाती अजून फुगलेलीच होती. मामा धावत ऑफिसात गेले, कारकुनाकडे टॉर्च मागितला आणि त्याच्या कानात कुजबुजले, "सोडियम कमी झालंय रे! माझे हातपाय गार पडलेत. सरांना बोलू नकोस. घरी तेवढं कळव, आज काही खरं नाही माझं."

कारकून मोठा प्रामाणिक. त्यानं लगेच फोन लावला आणि जवळजवळ शब्दशः निरोप दिला.

"मामी, मामांचं सोडियम कमी झालंय. हातपाय गार पडलेत. घरी कळव म्हणाले, आज काही खरं नाही माझं."

आता पलीकडची परिस्थिती ऐका. गेल्याच वर्षी मामींच्या भावाच्या रक्तातलं सोडियम उतरलं होतं. त्या तीन दिवसांत त्यानं हॉस्पिटलच्या कपाटाला 'साहेब' म्हणून रजेचा अर्ज दिला होता आणि सलाइनच्या स्टँडशी लग्नाची बोलणी करत आणली होती. तेव्हापासून घरात सोडियमवर त्याचा शब्द शेवटचा.

"ताई, रडू नकोस!" मेहुणा म्हणाला. "मिठाचं पाणी घे. माणूस असंबद्ध बोलायला लागला की समजायचं, फार उतरलंय."

वीस मिनिटांत बहीणभाऊ प्रयोगशाळेत हजर! टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. प्रयोगशाळेत घालायचा अंगरखा खुंटीला टांगून मामा एका हातात टॉर्च, एका हातात चिमटा घेऊन रांगत होते.

"अगं बाई!" मामींनी तोंडावर हात ठेवला. "अहो, काय करताय हे?"

"पिल्लू शोधतोय!" आतून आवाज आला.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुणाचं पिल्लू, भावोजी?" मेहुण्यानं लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

"सोडियमचं! थोरले चौघे घरात आहेत, धाकटं पळालंय!"

"फार उतरलंय," मेहुणा हळूच म्हणाला. त्यानं खुंटीवरचा मामांचाच पांढरा अंगरखा चढवला, कारण रुग्णाला हात लावायचा तर रीतसर लावावा असं त्याचं मत होतं. "भावोजी, बाहेर या. थोडं पाणी घ्या."

"पाणी?" टेबलाखालून ठाणकन आवाज आला. मामांचं डोकं. "खबरदार! पाण्याचा थेंब आणाल तर आग लागेल!"

"पाण्यानं?"

"पाण्यानंच! रॉकेलमध्ये असेपर्यंत ते शांत असतं!"

मामींनी डोळ्यांना पदर लावला. "पाण्यानं आग लागते आणि रॉकेलनं शांत वाटतं म्हणतायत रे! काल रात्री तर धड जेवले होते."

"अगं, मी शुद्धीवर आहे! तो धातू आहे, पण पाण्यावर तरंगतो!"

"हो हो, तरंगतो," मेहुणा म्हणाला.

"चाकूनं लोण्यासारखा कापता येतो!"

"येतो ना. आपण पोळीला लावू."

"अरे गाढवा, रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे आठवतात ना? त्यांच्या उजेडात होतं ते सोडियमच!"

"ताई, ऐकलंस? ह्यांना दिव्यात दिसतंय! मला निदान कपाटातच दिसत होतं." मेहुणा टेबलाखाली वाकला. "भावोजी, मी कोण ते ओळखता का?"

"माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्ख!"

"ओळख आहे अजून," मेहुणा मामींना म्हणाला. "वेळेवर आलो आपण."

त्यानं मिठाच्या पाण्याची बाटली उघडली आणि पेला शोधायला इकडेतिकडे पाहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर काचेच्या बशीनं झाकलेलं एक बीकर होतं. त्यात अर्धं पाणी आयतंच दिसत होतं. मेहुण्याला सर्दी होती. कसलाच वास येत नव्हता. त्यानं झाकण काढलं आणि बाटलीतलं पाणी त्यात ओतलं.

टेबलाखालून रांगत बाहेर येणाऱ्या मामांनी ते पाहिलं. बीकरमधलं रॉकेल त्यांच्या नाकानं ओळखलं. रॉकेलच्या तळाशी पडलेलं वाटाण्याएवढं काळं पिल्लू त्यांच्या डोळ्यांनी ओळखलं. आणि तोंडातून आवाज फुटला, "मागे सरका! काडी ओढू नका! खिडक्या उघडा! वाळू! वाळू!"

नेमकं त्याच क्षणी दार उघडलं. सर आणि तपासणीच्या बाई!

मामांनी डोळे मिटले. आता भडका, मग कुलूप, मग तळघर...

भडका झाला नाही. मामांनी एक डोळा उघडला.

पाणी जड, ते खाली बसलं होतं. रॉकेल हलकं, ते वर तरंगत होतं. आणि दोघांच्या मधल्या रेषेवर पिल्लू होतं. पाण्याला टेकलं की त्याला बुडबुडे फुटत, बुडबुड्यांच्या जोरावर ते वर रॉकेलमध्ये जाई, तिथं बुडबुडे सुटून जात की पुन्हा खाली येई. वर, खाली, वर, खाली! वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारख्या ते निमूट उठाबशा काढत होतं. वरच्या रॉकेलमुळे हवाच लागत नव्हती, मग पेटणार कसं?

मामांना एवढं बरं वाटलं, की ते होते तिथंच फरशीवर बसले.

"अय्या, नाचतंय ते!" मामी म्हणाल्या.

बाई बीकरपासून हातभर अंतरावर थांबल्या. चष्मा सारखा करत मेहुण्याच्या अंगरख्याकडे पाहिलं.

"आग नाही, धूर नाही! सोडियम दाखवण्याची इतकी शांत पद्धत मी आजवर पाहिली नाही. कुठं शिकलात हे?"

"गेल्या वर्षी, हॉस्पिटलात," मेहुणा नम्रपणे म्हणाला. "माझं एकशे अठरावर आलं होतं."

"म्हणजे अनुभव दांडगा आहे. आणि पाण्यात काय घातलंय?"

"मीठ. दोन चमचे. जास्त घातलं तर सोसत नाही."

बाईंनी मान डोलावत टिपून घेतलं. मग त्यांची नजर जमिनीवर बसलेल्या, केसांत जळमटं अडकलेल्या इसमाकडे गेली. "आणि हे कोण?"

"माझे यजमान," मामी म्हणाल्या. "बरं नाहीये त्यांना."

सरांनी बोलायला तोंड उघडलं होतं. मामांनी खालूनच त्यांच्या विजारीचं टोक जोरात ओढलं. सरांनी तोंड मिटलं.

बाई गेल्या. पिल्लू उठाबशा काढून काढून संपलं. सरांनी मामांना हात देऊन उठवलं आणि ओशाळून म्हणाले, "मामा, तो तुकडा सकाळी मीच काढून ठेवला होता. बाईंना दाखवायला. बीकरवर चिठ्ठी लावायची आणि तुम्हाला सांगायचं, दोन्ही राहिलं."

मामा वाचत होते. त्यांच्या हातात बाईंचा शेरा होता.

'प्रयोगशाळा सुरक्षित आहे. सहायकांचे कौशल्य वाखाणण्याजोगे. मात्र जमिनीवर रांगणाऱ्या व आरडाओरडा करणाऱ्या आजारी इसमांस येथे प्रवेश देऊ नये.'

"हा तुमच्यावर अन्याय आहे!" सर कळवळून म्हणाले. "मी आजच बाईंना पत्र लिहितो. रांगत होते तेच आमचे सहायक, आणि अंगरख्यातले गृहस्थ बाहेरचे होते, असं स्पष्ट कळवतो!"

मामांनी शेऱ्याची नीट चौघडी करून ती चिमट्याशेजारी खिशात ठेवली.

"नका हो सर," ते म्हणाले. "आजारीच होतो मी. आता बराच आराम आहे."