तीनदा ओढायची वेल

एका जंगलात, मुलांनो, एक झाड होतं आणि ते सगळ्यांचं होतं. सगळ्यांचं म्हणजे नक्की कोणाचं, हे तुम्ही मोठे झालात की कळेल. आत्ता नीट मांडी घालून बसा. मागच्या रांगेत चुळबूळ नको.

झाड बेहड्याचं होतं, जुनं आणि पोकळ. त्याला ढोल्याच ढोल्या होत्या. उन्हाळ्यात सगळे प्राणी त्यांत पावसाळ्याची बेगमी भरून ठेवत. फणसाच्या आठळ्या, वाळलेली करवंदं, मोहाची फुलं, बांबूचं बी, ज्याला जे मिळेल ते. भरायला अक्कल लागत नाही. नंतर कुठल्या ढोलीत काय आहे हे शोधायला मात्र लागते, आणि ती कोणालाच नव्हती.

म्हणून फार पूर्वी कोणीतरी त्या झाडावर शोधवेल बांधली. प्रत्येक ढोलीच्या तोंडापासून एक वेल निघायची, फांद्याफांद्यांतून गाठी घेत खाली यायची आणि जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबायची. टोकाला खूण म्हणून एक वाळलेली बी. करवंदाच्या बीची वेल ओढली की वर करवंदांची ढोली उघडणार आणि एका पोटापुरती करवंदं खाली पडणार. तुमचे आईबाबा कॉम्प्युटरपुढे बसून ज्याला डेटाबेस म्हणतात ना, तसंच हे. फक्त यात करवंदं होती.

शोधवेल फुकट होती आणि उघडी होती. कोणीही वर चढावं, गाठी बघाव्यात, चुकलेलं दुरुस्त करावं. सहसा कोणी वर चढत नसे. पण आपल्याला चढता येतं, याचा सगळ्यांना फार अभिमान होता. शेजारच्या जंगलातले पाहुणे आले की त्यांना हे आधी सांगितलं जाई.

त्या झाडावर झुंबरबाई नावाची एक शेकरू राहायची. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार. एकदा तिने जाताजाता एक सुटलेली गाठ बांधली. कोणी सांगितलं नव्हतं. दिसली म्हणून बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी गणबा अस्वल झाडाखाली येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, की माझी मोहाची वेल अडकते, तेवढं बघून टाक. तेव्हापासून शोधवेलीचं सगळं झुंबरबाईच बघायची.

तिच्या आधी हे काम एक म्हातारा वानर करायचा. तो आता दरीपलीकडे राहतो. तब्येत बरीच सुधारली आहे म्हणतात. त्याच्यासमोर गाठींचा विषय काढला की तो उठून जातो. जाताना त्याने काही गाठींना लाल माती फासून ठेवली होती. लाल माती म्हणजे हात लावू नका. का लावू नका, हे सांगायला तो थांबला नाही.

तक्रारींसाठीही एक पद्धत होती. झाडाखाली एक सपाट कातळ होता. ज्याला अडचण असेल त्याने त्यावर एक धोंडा ठेवायचा आणि अडचण सांगून जायचं. अडचण मिटली की झुंबरबाई तो धोंडा ढकलून द्यायची. पण ढकलायला ती एकटी आणि ठेवायला अख्खं जंगल. धोंड्यांची टेकडी झाली. तिच्यात एक घोरपड संसार थाटून राहू लागली. कोणी म्हणे, वेल चालत नाही. काय चालत नाही, असं विचारलं की म्हणे, काही नाही, चालत नाही. एकाने धोंडा ठेवून, सगळं उत्तम चाललं आहे, असंच चालू द्या, असं सांगितलं होतं. तोही झुंबरबाईलाच ढकलावा लागला.

आता खरी गोष्ट ऐका.

शोधवेलीत एक चूक होती. कुठलीही वेल एकदा ओढून काही पडायचं नाही. लागोपाठ तीनदा ओढावी लागे, आणि तेही एका दमात. मध्ये थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून. प्राण्यांना याचं काही वाटत नसे. त्यांचे आईबापही तीनदाच ओढायचे. जंगलात एक मोरगुरुजी होते, ते लहान पिल्लांना याचा अर्थ समजावून सांगत. पहिली ओढ पूर्वजांसाठी, दुसरी झाडासाठी, तिसरी पोटासाठी. ओढताना मान कशी ठेवावी, याचे ते वर्गही घेत.

कोल्हेसाहेबांचं आणखी वेगळं होतं. ते फुकटच्या शोधवेलीतून करवंदं काढून शेजारच्या जंगलात विकत. त्यासाठी त्यांनी तीन ससे कामाला ठेवले होते. एक पहिली ओढ ओढायचा, दुसरा दुसरी, तिसरा तिसरी. आपण तिघांना रोजगार दिला आहे, असं ते बोलता बोलता सुचवत.

फक्त बयाआजीला तीनदा ओढणं जमत नसे. बयाआजी म्हणजे पिसोरी. पिसोरी हे सशाएवढं हरीण असतं, काड्यांसारख्या पायांचं. आजी खूप म्हातारी होती आणि मागचा एक पाय लंगडा होता. वेल तोंडात धरून ती एकदा ओढायची, दुसऱ्यांदा ओढायची आणि मग धापा टाकत खाली बसायची. उठेपर्यंत दम तुटलेला असायचा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. येणाऱ्याजाणाऱ्याने ओढून दिलं तर आजी जेवायची. नाहीतर पाला चघळायची. तिने कधी तक्रार केली नाही, कारण कातळावर ठेवायचा धोंडा तिला उचलवत नसे.

झुंबरबाई हे वरून बघायची. गेल्या पावसाळ्यात आजीच्या फासळ्या मोजता येतील इतक्या वर आल्या होत्या. आणखी एक पावसाळा असा गेला तर आजी राहणार नाही, हे कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणून त्या उन्हाळ्यात, बाकीचे ढोल्या भरण्यात गुंतले असताना, ती वर, वेली जिथून निघतात तिथे जाऊन बसली.

वर काय गुंता होता म्हणून सांगू. एक गाठ बांधलेली, ती चुकली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरी सैल पडली म्हणून तिला आवळायला तिसरी. वेली एकमेकींच्या काखेतून जात होत्या. शोधत शोधत झुंबरबाईला कळलं, की पहिली ओढ नुसता ढिलेपणा काढण्यातच जाते. दुसरी ओढ जाते एका अशा ढोलीकडे, जी वाळवीने कधीच खाऊन टाकली आहे. तिसरीच काय ती खऱ्या ढोलीपर्यंत पोचते. म्हणजे पूर्वजांसाठीची ओढ ढिलेपणाला जात होती आणि झाडासाठीची वाळवीला.

तिने ढिल्या वेली ताणून घेतल्या. मेलेल्या ढोलीकडे जाणारा सगळा पसारा कापून टाकला. लाल मातीच्या गाठींपाशी आल्यावर तिला म्हाताऱ्या वानराची आठवण झाली. मग तिने डोळे मिटून त्या सोडल्या. झाड पडलं नाही. उन्हाळा सरेपर्यंत सगळ्या वेली सरळ, मोकळ्या, एका नजरेत समजतील अशा झाल्या. इतकं नीटनेटकं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. ते बघायला वर कोणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आषाढ लागला. एका सकाळी बयाआजी लंगडत आली. तिने करवंदाची वेल तोंडात धरून एकदा ओढली. वर खट्ट झालं आणि पोटभर करवंदं तिच्या पुढ्यात पडली.

आजी दचकून मागे सरली. मग हळूहळू पुढे येऊन तिने खायला सुरुवात केली. खाऊन झाल्यावर वर बघून म्हणाली, "आज येल हलकी लागली गं बाई."

झुंबरबाईला एकदम भरून आलं. इतकी वर्षं तिने गाठी बांधल्या, पण कोणाचं पोट भरताना असं समोर बघितलं नव्हतं. शेपटी तोंडावर ओढून तिने थोडं रडून घेतलं.

मग गणबा अस्वल आलं. त्याने मोहाची वेल धरली आणि सवयीने एका दमात तीनदा ओढली. तीन पोटांपुरती फुलं धबाधबा पडली. पडलेलं पुन्हा वर चढवायची सोय शोधवेलीत नव्हती, आणि समोर आलेल्या अन्नाला नाही म्हणायची सोय अस्वलात नव्हती. त्याने सगळी खाल्ली आणि तिथेच आडवं झालं. त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांनी तेच केलं. कोल्हेसाहेबांच्या तिन्ही सशांनी आपापली ओढ चोख ओढली आणि करवंदांच्या राशीखाली तिसरा ससा दिसेनासा झाला.

बघता बघता ढोल्या रिकाम्या होऊ लागल्या. पावसाळा तर अजून अख्खा पुढे होता. झुंबरबाई खाली उतरली. ज्याला त्याला गाठून सांगू लागली, की वेल दुरुस्त झाली आहे, आता एकदाच ओढायची. सगळ्यांनी मान डोलावली आणि तीनदा ओढली.

शेवटी झाडाखाली बैठक बसली. धोंड्यांची टेकडी इतकी वाढली होती, की घोरपडीने वरचा मजला घेतला होता.

मोरगुरुजी म्हणाले, की एका ओढीत खाणं म्हणजे पूर्वजांचा आणि झाडाचा वाटा आपणच गिळणं. त्याला साध्या भाषेत चोरी म्हणतात. हे ऐकून बयाआजीने मान खाली घातली. ती कडेला बसली होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. कोल्हेसाहेबांनी आपल्या दोन सशांना पुढे उभं केलं आणि या दोघांच्या पोटावर पाय आला आहे, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहावं, अशी विनंती केली. ससे गेले काही दिवस भरपूर जेवत होते, त्यामुळे त्यांची पोटं डोळ्यांत भरण्यासारखीच होती.

झुंबरबाईने समजावून पाहिलं. मेलेली ढोली, ढिल्या वेली, सगळं सांगितलं. वर येऊन बघा म्हणाली. वर जायला कोणाला वेळ नव्हता.

गणबा अस्वल मनाचं वाईट नव्हतं. ते समजुतीच्या सुरात म्हणालं, "हे बघ झुंबरताई, एकदा ओढून मिळालं तर मिळाल्यासारखं वाटतच नाही. आणि हे कर म्हणून तुला सांगितलं कोणी? इतके धोंडे पडलेत. यातला एक तरी तीन ओढींच्या तक्रारीचा आहे का?"

झुंबरबाईने टेकडीकडे पाहिलं. खरंच नव्हता.

"तू काम चांगलंच केलंस," अस्वल म्हणालं. "आता होतं तसं कर."

त्या दिवशी झुंबरबाईच्या मनात दरी ओलांडायचं फार आलं. म्हातारा वानर पलीकडे काय करत असेल, याचा तिने बराच विचार केला. पण ती गेली तर ढोल्या श्रावणातच तळाला लागणार होत्या, आणि पहिली उपाशी मरणार होती ती बयाआजी. म्हणून ती उलटी फिरून वर चढली.

होतं तसं करणं सोपं नव्हतं, मुलांनो. पूर्वीची चूक आपोआप झाली होती. आता तीच चूक मुद्दाम, मोजूनमापून करायची होती. तिने सरळ केलेल्या वेलींना पुन्हा ढील दिली. वाळवीने खाल्लेली ढोली कुठून आणणार, म्हणून बांबूच्या कांबीची खोटी ढोली बांधली, जिच्यात काहीच ठेवायचं नाही. पहिल्या खेपेला हिशोब चुकला आणि चारदा ओढावं लागू लागलं. लगेच धोंडे पडले. तिने तो दोष काढला. तीनदा ओढल्यावर एका पोटापुरतं पडू लागलं तसा जंगलाने सुटकेचा श्वास सोडला. मोरगुरुजींनी, शोधवेलीची ही सुधारित आवृत्ती जुन्याच्या तोडीची आहे, असं जाहीर सांगितलं.

झुंबरबाईने एक गोष्ट मात्र कोणाला न सांगता केली. झाडाच्या मागच्या अंगाला, करवंदीच्या जाळीआड, तिने एक बारीक वेल सोडली. एकदाच ओढायची. पुन्हा ओढली तरी जास्त काही पडणार नाही, अशी तिची गाठ होती. सकाळी तिने बयाआजीला तिथे नेऊन ती दाखवली.

आजीने वेल ओढली. करवंदं पडली. आजी त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"खा की आजी," झुंबरबाई म्हणाली.

"खाते गं. अजून दोन येळा ओढायचं ऱ्हायलंय. कुनीतरी येईल, दील ओढून."

झुंबरबाई म्हणाली, की आता ओढायचं काही राहिलं नाही, ही वेल तुझ्यासाठीच आहे.

"म्हातारपनी चोरी नगं बाई," आजी म्हणाली आणि करवंदांसमोर पाय दुमडून बसली. पाऊस भुरभुरत होता. त्या आडबाजूला कोणीही येणार नव्हतं.

झुंबरबाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने वेल हातात घेतली आणि दोनदा ओढली. एकदा पूर्वजांसाठी, एकदा झाडासाठी. काहीही पडलं नाही. आजीने समाधानाने मान हलवली आणि खायला लागली.

तेव्हापासून झुंबरबाई रोज सकाळी खाली उतरते, झाडाच्या मागे जाते आणि रिकामी वेल दोनदा ओढते. मगच बयाआजी जेवते. आजीच्या फासळ्या आता दिसत नाहीत. तो पावसाळा तिने पार केला.

एके दिवशी गणबा अस्वलाने हे जाळीआडून पाहिलं. ते सरळ कातळापाशी गेलं, एक चांगला थोरला धोंडा उचलून टेकडीवर ठेवला आणि वर तोंड करून म्हणालं, की आम्हालाही असंच ओढून मिळावं.

तात्पर्य: मुलांनो, जाताजाता कुठे सुटलेली गाठ दिसली, तर तिच्याकडे न बघता पुढे जावं. हात शिवशिवलेच आणि ती बांधली, तर निदान थोडी वाकडी बांधावी. सरळ गाठीची लोकांना सवय नसते.