आधी शाल

"मामा कुठला उभा करायचा ते आधी ठरवा," आत्या म्हणाली.

आई आणि ती स्वयंपाकघरात रुखवताच्या करंज्या भरत होत्या. मी बाहेर बसून माझ्याच लग्नाच्या पत्रिकांना हळदकुंकू लावत होते आणि काहीच ऐकू येत नसल्यासारखा चेहरा केला होता. तो मला चांगला जमतो.

"सख्खा एकच आहे की," आई म्हणाली.

"आहे गो, पण तो तसला आहे ना! मुलाकडची माणसं पुण्याची. भटजींनी माइकवरनं मुलीच्या मामाला हाक मारली आणि उठला कोण, तर हा! त्यातल्या कुणी ओळखलं तर?"

ओळखलं तर ओळखणाऱ्याचीच पंचाईत व्हायला हवी, असं मला वाटलं. जनूमामाला ओळखायचं तर त्याचे सिनेमे पाहिलेले असायला हवेत. पण मला वाटलेलं सहसा माझ्याजवळच राहतं.

जनूमामा पोलादपूरला हायवेलगतच्या एका खोलीत एकटा राहतो. मे महिन्यात महाडचा रस्ता चपलेला चिकटतो, तेव्हाही त्याच्या खांद्यावर इस्त्रीची घडी घातलेली लोकरी शाल असते. कुणी विचारलं तर म्हणतो, "युनिफॉर्म हाय."

त्याला एका जागी बसता येत नाही. आमच्याकडे आला की आधी खुर्ची हलवतो, मग पडदा सरकवतो, मग आईला उजेडात उभी करतो. चहाचा कप तोंडापर्यंत नेतो आणि काहीतरी आठवून परत खाली ठेवतो. "बस ना रे जरा," आई म्हणते. "बसतो, बसतो," असं तो दारातून म्हणतो.

आणि कुठेही, कुणालाही "कट!" म्हणतो. एकदा वीर स्टेशनाबाहेर दोन रिक्षावाले एका पॅसेंजरवरून भांडत होते. एकानं बॅग धरली होती, दुसऱ्यानं पॅसेंजर. मामा मध्ये घुसला. "कट! तू डावीकडनं ये. आन् तू शिवी आत्ताच नको देऊ, ह्यानं कॉलर धरल्यावर दे." दोघं खरंच नीट उभे राहिले. तेवढ्यात पॅसेंजर तिसऱ्या रिक्षेत बसून महाडला निघून गेला.

तरुणपणी मामा नाटकात काम करायला मुंबईला गेला आणि पडदे ओढायला लागला. तिथून सिनेमात लाइट उचलायला, तिथून एका दिग्दर्शकाच्या हाताखाली आणि तिथून 'फक्त प्रौढांसाठी'कडे. तिथं दिग्दर्शक मामाच. एका सिनेमाला हिरो आलाच नाही, तर तोही हाच झाला. "हिरो आला की मी बाजूला," तो म्हणायचा, "पण यायचाच नाय कुणी." मग पोस्टरवर चेहरा त्याचाच यायला लागला. तसलं एक पोस्टर महाडच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर लागलं आणि भाजी घ्यायला आलेल्या आजोबांनी ते पाहिलं. मरेपर्यंत ते स्टँडवर उतरले नाहीत. स्टँडच्या अलीकडच्या नाक्यावर उतरून चालत यायचे.

"महाडात माझा पिक्चर आठवडेच्या आठवडे चालला," मामा सांगतो, "आन् बघायला एकपण माणूस गेला नव्हता. विचार कुणाला पण."

माझ्या इंग्रजी शाळेचा मामाला एकच उपयोग झाला, तो म्हणजे जपानी साहेब. मामासारखेच सिनेमे जपानात काढणारा, स्वतः दिग्दर्शक आणि स्वतःच नट असा एक म्हातारा त्याला कुठूनतरी फोनवर सापडला होता. त्याच्या मुलाखती इंग्रजीत होत्या. मामा एसटीनं यायचा, फोन माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "वाच गो." साहेबाचं नाव तो घेत नसे. म्हणे, तोंडात मोडतं.

मी मराठीत सांगत वाचायची आणि काही शब्दांपाशी थांबायची. माझे कान तापायचे.

"मधलं गाळ गो," मामा म्हणायचा. "ते मला येतंय. त्याचं पोट कसं चालायचं ते वाच."

पोट जेमतेमच चालायचं. साहेब पण लाइट उचलण्यापासूनच वर आला होता. एक छोटी कंपनी बुडाली की दुसरी, भाड्याची घरं, एकच कॅमेरा. नट रुसला की साहेब स्वतः कपडे काढून पुढे. नातेवाईक रस्ता बदलायचे. आणि मग म्हातारपणी परदेशातल्या एका महोत्सवात त्याचे जुने सिनेमे दाखवले आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवत उभं राहिलं.

"उभं राहिलं? बायका पण?"

"तसं लिहिलंय."

"परत वाच."

मी परत वाचलं. मामा आमच्या भिंतीकडे बघत बसला होता. चहा पिऊन झाला, तरी उठला नाही. त्याला इतका वेळ बसलेला मी तेव्हाच पाहिला.

त्याच मुलाखतीत शेवटी होतं, की शॉट संपला की साहेब स्वतः उघडा असला तरी आधी नटीच्या अंगावर झगा टाकायचा.

मामा खुर्चीतून उठलाच. "बघ! शाल! मी काय सांगतो? कट म्हटलं की आधी शाल. मग लाइट, मग चहा, मग दुनिया."

मला ते ठाऊक होतं. शाळेच्या गॅदरिंगला मी कोळीण झाले होते. नाचता नाचता माझं लुगडं सुटलं आणि पायात आलं. गाणं चालूच, मुलं हसतायत आणि मी हलायची बंद झाले. तेवढ्यात मागून "कट!" असा आवाज आला. मामा रांगा तुडवत स्टेजवर चढला, मला शालीत गुंडाळलं आणि प्रेक्षकांकडे वळून हात जोडून म्हणाला, "लाइट गंडली, पब्लिक. परत घेऊ." सगळे त्यालाच हसायला लागले. माझ्याकडे बघायचं राहूनच गेलं.

तर मामा कुठला, ते आत्यानंच ठरवलं. वरंधचे गुरुजीमामा, आईचे चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. हसले तरी कपड्यांची इस्त्री मोडेल असे. "तुला चालेल ना?" आत्यानं विचारलं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते माझं मलाही कळलं नाही. आत्यानं हो धरलं.

जनूमामाला सांगायला आई फोन घेऊन गच्चीवर गेली. मी जिन्यात उभी होते. फोन स्पीकरवर होता.

"बेस केलंस, ताई," मामा म्हणत होता. "गुरुजी शोभतात. हिरो आला की मी बाजूला." मग जरा थांबून, "पण नाय आले, तर हाय मी. तयार असतो."

लग्नाच्या दिवशी मी पिवळ्या साडीत गौरीहरापाशी बसले होते. खोलीचं दार उघडं होतं, त्यातून हॉल दिसत होता. शेवटच्या रांगेत, खांबाजवळ मामा होता. नवा झब्बा, डोक्याला फेटा, दाढी गुळगुळीत. शाल खांद्यावर नव्हती. घडी करून मांडीवर ठेवली होती आणि दोन्ही हात तिच्यावर. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तो एकदासुद्धा उठला नाही. कुणाची खुर्ची हलवली नाही, की कुणाला उजेडात बोलावलं नाही. फक्त दर थोड्या वेळानं दरवाजाकडे बघत होता, गुरुजी आले का ते.

गुरुजी आले होते. पहिल्या रांगेत होते.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," भटजी माइकवर म्हणाले.

मामाचा हात शालीवर घट्ट झाला. गुरुजी उठले, टोपी सारखी केली आणि माझ्या दिशेनं चालायला लागले. त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी कॅमेरावाला, त्याच्यामागे दिवा धरलेला माणूस, आणि बाजूनं आत्या. गुरुजींनी दारात येऊन हात पुढे केला.

"ऊठ बाळ, मुहूर्त टळेल."

"ताई, जरा स्माईल," कॅमेरावाला म्हणाला.

"ऊठ गो," आत्या म्हणाली.

माझे कान तापले. मी उठले नाही. आणि मग माझ्याच तोंडून, हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं बाहेर पडलं:

"कट! माझा मामा तिथं मागं बसलाय. शाल घेऊन त्याला येऊ दे, मग उठते."