उपोषणास हार्दिक शुभेच्छा

भ्रष्टाचार ही एकट्या-दुकट्याच्या आवाक्यातली गोष्ट न्हाई. त्येला गावाची एकी लागती. जिथं बांधावरून भावाभावांची डोकी फुटत्यात, तिथं धड रस्त्याखालची एक मोरी बी खाऊन व्हत न्हाई. आमचं गाव मातुर गुण्यागोविंदानं नांदतं. (चौफुल्यावरनं शिरूरच्या रस्त्याला लागलं की आतल्या अंगाला जी गावं हायती, त्यातलं एक. नाव सांगत न्हाई, सगळ्यांलाच आपलं वाटंल.) तर ह्या एकीचं फळ म्हंजी आमची पाण्याची टाकी.

सदर टाकीला चार पाय हायती. जाणकारांच्या मते त्यातले अडीच सिमेंटचे आन् दीड विश्वासाचे. काम घेतलं सरपंच बापूसाहेबांच्या मेव्हण्यानं, पास केलं बापूसाहेबांनी, आन् नारळ बी त्येंनीच फोडला. म्हंजी फोडाय गेले. टाकीच्या पायावर नारळ आपटला तर पायाचा टवका उडाला आन् नारळ तसाच राह्यला. नारळ खराब निघाला असं ठरलं, दुसरा आणला, त्यो दगडावर फोडला.

जागा निवडली अंगणवाडीला खेटून. टाकीची सावली पडंल, पोरांला ऊन लागणार न्हाई, असा त्यामागं बालकल्याणाचा इचार. टाकी गळती, त्यामुळं अंगणवाडीच्या पत्र्यावर बारमाही पाऊस. एक दिवस वरनं सिमेंटचा ढपला सुटला, पत्रा फोडून खिचडीच्या पातेल्यात पडला. पोरं तेवढ्यात हात धुवाय भाईर गेल्याली, म्हून बरं. ग्रामपंचायतीनं ताबडतोब दखल घेतली आन् पातेलं बदललं.

त्या हात धुणाऱ्यांत हौशीरामची नात सृष्टी व्हती. हौशीराम म्हंजी साधा माळकरी गडी, झेंडू आन् शेवंती लावणारा. शाळा चवथीपतोर, ती बी मास्तर मायाळू म्हून. त्यो गेला बापूसाहेबांकडं.

"बापूसाहेब, टाकी रिकामी करा. इंजिनेर बोलवून तपासून घ्या. तवर पोरं दुसरीकडं बसवा. माझं दुसरं काय म्हणणं न्हाई."

"आप्पा, रिकामी करून कसं चालंल?" बापूसाहेब लय शांत माणूस. "रिकामी केली तर वाऱ्यानं हालंल. भरल्याली हाय म्हून तर उभी हाय."

ह्या शास्त्राला हौशीरामनं हात जोडले आन् निघाला. घरी आला तर शेवंताबाई, त्येची बायकू, म्हणाली, "आवं, कशाला तोंड लावताय? आपली पोर ठिवू की घरी."

"आपली ठिवू. आन् बाकीची काय मेंढरं हायती व्हय?"

"मग आता काय करणार?"

"जेवणार न्हाई."

"आज का कायमचं?" शेवंताबाईनं इचारलं. तिला पिठाचा अंदाज घ्यायचा व्हता.

तर असं हौशीरामचं आमरण उपोषण ठरलं. आता उपोषणाला काय लागतं? उपाशी माणूस तर लागतोच, पर त्यो शेवटी. आधी मांडव, सतरंजी, स्पीकर आन् फ्लेक्स. आमच्याकडं फ्लेक्सबिगर माणूस जन्माला येत न्हाई आन् मेला तरी खरा धरत न्हाईत. फ्लेक्स करायला पुतण्या ईश्वर. त्येनं डिझाइन मोबाइलवर आणून दावलं. वर पुढाऱ्यांची रांग, मधी गॉगल घालून फोन कानाला लावल्याले बापूसाहेब, आन् खाली कोपऱ्यात आधार कार्डावरचा हौशीराम. मजकूर असा: 'भ्रष्टाचाराविरोधात मा. हौशीराम आप्पा यांच्या आमरण उपोषणास हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक – बापूसाहेब व समस्त ग्रामस्थ.'

"आरं, टाकी त्येंनीच बांधलीया," हौशीराम म्हणाला. "त्येंच्याच इरोधात बसतोय मी."

"त्ये मला कळतंय, आप्पा. पर भावकीतलं माणूस. फोटू न्हाई टाकला तर उद्या लग्नाकार्यात तोंड कसं दावायचं?"

हौशीरामनं इचार केला. राग टाकीचा व्हता, भावकीनं काय घोडं मारलं व्हतं? "बरं, टाक," म्हणाला. "पर माझ्यापरीस बारका टाक." ईश्वरनं बारका केला. म्हंजी गॉगल बारका केला.

उपोषण सुरू झालं. पहिल्या दिवशी गाव येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी गाव जेवून येऊन बसलं. पुढं पुढं जेवून तिकडंच निजाय लागलं. मांडवात हौशीराम, एक कुत्रं आन् फ्लेक्सवरचे बापूसाहेब एवढेच उरले. खरे बापूसाहेब सकाळ-संध्याकाळ येऊन तब्येत इचारत. "आप्पा, पाणी तरी पीत जावा," म्हणत, "आपल्याच टाकीचं हाय."

हौशीरामला वाटलं, च्यानेलवाले आले तर काम व्हईल. त्येनं तालुक्याच्या च्यानेलवाल्या साईला फोन लावला.

साई म्हणाला, "आप्पा, कोण गेलंय का?"

"कुठं?"

"वर."

"न्हाई अजून."

"टाकी पडलीया?"

"पडू नाई म्हून तर बसलोय."

"मग अवघड हाय, आप्पा. न पडल्याली टाकी कोण बघतंय? न पडल्याल्या टाक्या महाराष्ट्रात लाखानं हायती. पडायच्या येळंला मातुर पहिला मला फोन करा. पडायच्या आधी केला तर लयच बरं, क्यामेरा लावून ठिवता यील."

(साई निर्दयी न्हवता. फोन ठेवताना 'काळजी घ्या' म्हणाला व्हता.)

आन् मग नटी आली.

ती शिरूरला साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन उरकून वरवंडला हॉटेलाच्या उद्घाटनाला चालल्याली. हमरस्ता तुंबला म्हून ड्रायव्हरनं गाडी आमच्या गावातनं घातली. आता तिच्या म्यानेजरनं गाडीतनं काय बघितलं? मांडव, सतरंजी, स्पीकर, आन् गॉगलवाल्या माणसाचा फ्लेक्स. त्या बिचाऱ्याला वाटलं, ह्यो बी आपलाच कार्यक्रम, वहीत लिहायचा राह्यला. त्येची काय चूक? आमच्याकडं बारशाला, दहाव्याला आन् आंदोलनाला मांडव एकच असतो, मांडववाला बी एकच.

नटी उतरली. पाठोपाठ च्यानेलच्या तीन गाड्या. साई सगळ्यांत पुढं. गाव उठून आलं. बापूसाहेब तर कुठनं उगवले कळलं न्हाई. ग्रामपंचायतीच्या कपाटात शाल-नारळ कायम तयार असतं (औषधाची पेटी न्हाई, पर शाल-नारळ असतं). हार तेवढा न्हवता, म्हून माणसं पळत हौशीरामच्याच रानात गेली आन् त्येचाच झेंडू तोडून आणला. सत्कार झाला. नटी दोन शब्द बोलली. "तुमचं गाव किती गोड आहे, आणि ती टाकी किती क्यूट वाकलीय," म्हणाली, आन् टाकीखाली उभं राहून सेल्फी काढला. मग तिला कोपऱ्यात हौशीराम दिसला.

"हे बाबा का झोपलेत?"

"आपल्याच हातनं उपोषण सोडणार म्हून थांबलेत, म्याडम," बापूसाहेब म्हणाले, आन् मोसंबीचा गिलास तिच्या हातात दिला.

हौशीराम उठून बसला. म्हणाला, "ताई, टाकी..." तवर गिलास व्हटाला लागला. आठ क्यामेरे म्होरं. पाव्हणी परगावची, बाईमाणूस, हात पुढं केल्याला. आमच्याकडं पाव्हणीच्या हातचं परत लावत न्हाईत. दुश्मन असला तरी घोटभर घेत्यात. हौशीरामनं घोटभर घेतला. टाळ्या झाल्या. 'मागणीवर सकारात्मक इचार करण्याचं आश्वासन देण्यात यील,' असं बापूसाहेबांनी माइकवरनं आश्वासन दिलं.

रात्री सगळ्या च्यानेलवर आमचं गाव. 'नटीच्या हातचा ज्यूस, शेतकऱ्याला जीवदान.' चार तज्ज्ञ बसवल्याले. गिलासात मोसंबी व्हती का संत्रं, ह्यावर पाऊण तास भांडले. एक म्हणाला मोसंबी, दोघं म्हणाले संत्रं, चौथा म्हणाला तिचं लग्न मोडलंय. टाकी पडद्यावर सारखी दिसत व्हती, पर निम्मी. निम्मी 'ब्रेकिंग'च्या पट्टीखाली गेल्याली.

तवापासनं गावाचं नशीब फिरलं. पुण्याकडनं पोरं गाड्या घेऊन येत्यात, वाकल्या टाकीखाली उभं राहून तसाच सेल्फी काढत्यात. बापूसाहेबांनी टाकीला गुलाबी रंग दिला. टाकीच्या डोक्यावर नटीचा लोखंडी सांगाड्याचा उभा कटाउट बसवला, रातीला दिवे लागत्यात. आता टाकी रिकामी करायची गोष्टच न्हाई. वर एवढं वजन म्हणल्यावर खाली पाणी पायजेच, असं मेव्हण्याचं मत. आन् अंगणवाडीचा पट वाढला. शेजारच्या गावातल्या लोकांनी बी पोरं आमच्याकडं घातली, कारण रोज कुठलं ना कुठलं च्यानेल येतंय, पोर टीव्हीत दिसतं.

हौशीराम परत उपोषणाला बसला. मांडववाला म्हणाला, आप्पा, त्ये झालंय की एकदा. मग त्यो बिगर-मांडवाचाच टाकीखाली बसला, अंगणवाडीच्या दारात. म्हणाला, पडली तर माझ्यावरनं पडंल. लोक येत्यात, त्येला वळखत्यात, शेजारी बसून फोटू काढत्यात. त्यो सगळ्यांला वर बोट करून दावतो, "ती चीर बघा. गेल्या महिन्यात बोट जात न्हवतं, आता हात जातोय."

लोक वर बघत्यात. कटाउट बघत्यात. मग त्येच्या कानाशी वाकून इचारत्यात, "आप्पा, जवळनं कशी दिसती हो?"

त्येंला नावं ठिवण्यात अर्थ न्हाई. ही हकिगत मी आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्येनं मला एकच इचारलं, नटी कोण व्हती. तुमी बी मघापासनं मनात नावं जुळवताय. जुळवा, माझं काय म्हणणं न्हाई. टाकी काठोकाठ भरल्याली हाय, घंटा झालीया, आन् पोरं आत जाऊन बसलीत.